जाळीच्या झाकणाखाली

सेरिन्याँ हे दक्षिण फ्रान्समधले एक लहानसे खेडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातला ऑगस्ट महिना. गावातली पोरे बोरूच्या छोट्या पिंजऱ्यांत नाकतोडे भरून एका घराकडे येत. आत रुंद काठाची काळी टोपी घालणारा, सत्तरीला आलेला एक म्हातारा राही. तो नाकतोडे घेई आणि बदल्यात पोरांच्या हातावर पावाचा तुकडा आणि खरबुजाची फोड ठेवी. गावाच्या लेखी म्हातारा थोडा चक्रमच होता. उन्हातान्हात जमिनीवर पालथा पडून मुंग्यांकडे तासन् तास बघत बसणाऱ्या माणसाला कोणते गाव शहाणे म्हणेल?

नाकतोडे लागत ते घरच्या पाहुण्यांसाठी. हे पाहुणे म्हणजे प्रार्थना कीटक. पुढचे दोन पाय छातीशी जोडून, मान किंचित तिरकी करून बसणारा, आपल्याकडेही पावसाळ्याच्या अखेरीस कुंपणावर दिसणारा तो हिरवा किडा. आपल्याकडे कुठे कुठे त्याला खंडोबाचा किडा म्हणतात. त्या प्रांतातले शेतकरी त्याला देवाची प्रार्थना करणारा अशा अर्थाच्या नावाने ओळखत. म्हाताऱ्याने त्यांच्यासाठी घरे केली होती तीही घरगुतीच. वाळू भरलेले मातीचे पसरट भांडे, त्यात थाइमच्या वाळक्या झुडपाचा एक जुडगा, एक सपाट दगड, आणि वरून जेवणावर माशा बसू नयेत म्हणून स्वयंपाकघरात वापरतात ते तारेच्या जाळीचे घुमटाकार झाकण. अशी झाकणांची रांगच्या रांग त्याच्या खोलीत मांडलेली असे.

हा म्हातारा म्हणजे ज्याँ-आँरी फाब्र.

मी जन्मभर बँकेत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. त्यामुळे कोणाचेही चरित्र हातात घेतले की मी आधी एक गोष्ट शोधतो: या माणसाला पगार किती होता आणि तो वेळेवर मिळत होता का? थोरामोठ्यांची चरित्रे लिहिणारे लोक हा मजकूर बहुधा गाळतात. फाब्रच्या बाबतीत तो गाळताच येत नाही, कारण किडे बघायला लागणारा वेळ त्याला विकत घ्यावा लागला, आणि त्याची किंमत त्याने जवळजवळ चाळीस वर्षे हप्त्याहप्त्याने फेडली.

फाब्रचा जन्म १८२३ च्या डिसेंबरातला, सँ-लेओं नावाच्या डोंगराळ गावातला. घरात इतके दारिद्र्य की एक खाणारे तोंड कमी व्हावे म्हणून लहानग्याला आजीआजोबांच्या शेतावर पाठवून दिले. पुढे बापाने गावोगाव कॉफीचे दुकान टाकून पाहिले आणि प्रत्येक गावी ते बुडाले. पोरगा घराबाहेर पडला. जत्रेत लिंबे विकली, रेल्वेच्या कामावर मजुरी केली. मग आव्हिन्याँच्या अध्यापक विद्यालयाची शिष्यवृत्ती परीक्षा दिली आणि तीत पहिला आला. एकोणिसाव्या वर्षी कार्पांत्रा गावी मास्तर झाला तेव्हा पगार होता वर्षाला सातशे फ्रँक.

तिथे एकदा तो मुलांना जमीन मोजणी शिकवायला माळावर घेऊन गेला. काठी रोवायला पाठवलेली मुले मध्येच खाली वाकत, दगड उचलत आणि गवताच्या काडीने काहीतरी चोखत. दगडांना चिकटलेली मातीची घरटी एका रानमाशीची होती आणि पोरे त्यातला मध चोरत होती. मास्तरांनीही काडी घेतली. त्या माशीचे नाव कळावे म्हणून त्याने पुस्तकांच्या दुकानातून कीटकांवरचा एक ग्रंथ विकत आणला, आणि त्याला एक महिन्याचा पगार पडला. घरी काय सांगितले असेल, हा प्रश्न माझ्यासारख्या संसारी माणसाला पडतोच.

पुढे चार वर्षे कॉर्सिका बेटावर आणि मग आव्हिन्याँच्या शाळेत अठरा वर्षे. तिथला पगार सोळाशे फ्रँक. नोकरीला लागला तेव्हाही तेवढाच आणि सोडली तेव्हाही तेवढाच. बढती नाही, वेतनवाढ नाही. दरम्यान १८५५ साली याच मास्तराने दाखवून दिले की एक गांधीलमाशी भुंगेऱ्याला मारत नाही, तर नेमक्या मज्जाकेंद्रात नांगी मारून त्याला फक्त लुळा करते, म्हणजे अळ्यांना ताजे अन्न मिळते. विज्ञान अकादमीने पुढच्याच वर्षी त्याला पारितोषिक दिले. १८५९ साली आलेल्या डार्विनच्या सुप्रसिद्ध ग्रंथात त्याचे नाव आदराने आले. पगार सोळाशेच!

लुई पाश्चर १८६५ साली त्याच्या घरी आला होता तो किस्सा मला फार आवडतो. रेशमाच्या किड्यांवर रोग पडला होता आणि सरकारने पाश्चरला तपासाला पाठवले होते. फाब्रने रेशमाचा एक कोष त्याच्या हातावर ठेवला. पाश्चरने तो कानाशी हलवून पाहिला आणि आत काहीतरी आहे याचे त्याला नवल वाटले. आत अळीचा पतंग होत असतो हे त्याला ठाऊक नव्हते. फाब्र चकित झाला, पण हसला नाही. पाटी इतकी कोरी असलेला माणूस कदाचित नवे काही पाहील, असे त्याला वाटले. आणि पाश्चरने तो रोग शोधून काढलाच. त्याच भेटीत पाश्चरने मास्तरांचे दारूचे तळघर बघायला मागितले. मास्तरांकडे तळघर कुठले? एका मोडक्या खुर्चीवर एक मोठी सुरई होती, तीच त्याने दाखवली.

पैशासाठी त्याने मंजिष्ठाच्या मुळांपासून शुद्ध लाल रंग काढण्याची रीत शोधली, पेटंटे घेतली, आणि चार पैसे मिळणार असे दिसताच १८६८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तोच रंग प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने बनवला. धंदा संपला. त्याच साली सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्याला मानचिन्ह दिले. मानचिन्हावर बँक कर्ज देत नाही, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

मग १८७० साल उजाडले. शिक्षणमंत्री द्युरुईंच्या प्रोत्साहनाने फाब्र मुलींसाठी मोफत वर्ग घेई. त्या वर्गात त्याने फुलांचे परागीभवन समजावून सांगितले. तरुण मुलींसमोर असली गोष्ट! गावातले सोवळे लोक खवळले. त्याला नोकरी सोडावी लागली. त्याच्या घरमालकिणी दोन धर्मनिष्ठ अविवाहित म्हाताऱ्या होत्या. भाडेपट्टा लेखी नव्हता. त्यांनी घर खाली करायला सांगितले. बायको, मुले, पुस्तके, वाळवलेल्या वनस्पतींचे गठ्ठे, आणि हातात दमडी नाही.

इथे या गोष्टीत एक माणूस येतो, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. जॉन स्टुअर्ट मिल. आगरकरांच्या पिढीने ज्याचे ग्रंथ वाचून वाद घातले तोच. पत्नी आव्हिन्याँत वारली म्हणून मिल तिच्या थडग्याजवळ घर घेऊन राहत असे. त्याला वनस्पतींचा नाद, फाब्रलाही. दोघे मिळून रानात हिंडत. फाब्रने त्याला लिहिले आणि मिलने तीन हजार फ्रँक पाठवले. तारण मागितले नाही. ज्या माणसाची नोकरी गेली आहे, घर गेले आहे आणि ज्याच्याकडे किड्यांशिवाय मालमत्ता नाही, त्याला जवळजवळ दोन वर्षांच्या पगाराइतके विनातारण कर्ज! आमच्या शाखेत असा अर्ज आला असता तर मी काय शेरा मारला असता ते सांगायला नको. फाब्रने पुढे पाठ्यपुस्तके लिहून पैन् पै फेडली. मिलने ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे नोकरी केली होती आणि त्याला कंपनीचे वर्षाला दीड हजार पौंड निवृत्तिवेतन होते. कंपनीचा पैसा म्हणजे शेवटी हिंदुस्थानच्या रयतेने भरलेला सारा. त्या तीन हजारांत चार आणे आपल्याकडचे असतील, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

ओराँज गावी नऊ वर्षे गेली. रात्रंदिवस शाळेची पुस्तके लिहिणे चालले होते. १८७७ साली सोळा वर्षांचा मुलगा ज्यूल गेला. बापाचा किडे आणि फुले यांचा नाद उचलणारा हाच एक मुलगा होता. फाब्रने गांधीलमाशीच्या तीन जातींना त्याचे नाव दिले. पुढे घरासमोरची झाडांची रांग घरमालकाने तोडली तेव्हा फाब्र तिथून उठला आणि १८७९ साली सेरिन्याँला सुमारे हेक्टरभर खडकाळ, काटेरी, कोणालाही नको असलेली पडीक जमीन घेऊन राहिला. तिकडच्या बोलीत अशा जमिनीला आर्मास म्हणतात. तेच घराचे नाव झाले. वय पंचावन्न. आपल्याकडे लोक निवृत्तीचे कागद तयार करू लागतात त्या वयात त्याने आपले खरे काम सुरू केले. त्याच वर्षी कीटकांविषयीच्या आठवणींचा पहिला खंड निघाला आणि १९०७ पर्यंत दहा खंड झाले. प्रार्थना कीटक पाचव्या खंडात आहे.

आता त्या जाळीच्या झाकणांकडे येतो. माझा नातू अकरा वर्षांचा आहे. त्याने गेल्या पावसाळ्यात गॅलरीतल्या तुळशीवरून एक बोटभर लांबीचा प्रार्थना कीटक धरला आणि प्लॅस्टिकच्या बरणीत पाळला. चार दिवसांनी किड्याने खाणे सोडले. नातू रडकुंडीला आला. आजीने तर निदान केले, किडा उपाशी मरतो आहे, सोडून द्या. मी फाब्र वाचलेला, म्हणून म्हटले, त्याची पाठ जरा फुगल्यासारखी दिसते का बघ. दिसत होती. किडा कात टाकणार होता.

कीटकाचा सांगाडा बाहेर असतो. तो कठीण असतो, वाढत नाही. शाळेचा शर्ट आखूड झाला की नवा घेतात तसे किड्याला जुने कवच फाडून बाहेर यावे लागते, आणि नवे कवच ओले, मऊ असताना अंग फुगवून मोठे व्हावे लागते. जातीप्रमाणे आणि नर की मादी त्याप्रमाणे प्रार्थना कीटक सहा ते नऊ वेळा हे करतो. पंख फुटले की झाले, त्यानंतर कात नाही. हे सारे तो उलटा लटकून करतो. मागच्या पायांनी वर कुठेतरी घट्ट धरायचे, डोके खाली, आणि स्वतःच्या वजनाने जुन्या कातड्यातून खाली सरकायचे. पकड सुटली, खाली पडला, की ओले पाय वाकडे होतात आणि वाकडेच वाळतात.

म्हणून बरणी वाईट. भिंती गुळगुळीत, झाकण गुळगुळीत. आम्ही झाकण काढून तोंडाला मच्छरदाणीचे कापड ताणून बांधले. किड्याच्या लांबीच्या तिप्पट तरी मोकळी उंची खाली राहील असे पाहिले. आत सोडलेला नाकतोडा काढून टाकला, कारण कात टाकताना शिकारी स्वतःच लोण्याच्या गोळ्याइतका मऊ असतो आणि नाकतोडादेखील त्याला कुरतडू शकतो. हवा फार कोरडी असली तर कात अंगाला चिकटून बसते, म्हणून बरणीच्या एका बाजूला पाण्याचा बारीक फवारा मारला. मग उरले सगळ्यात अवघड काम, ते म्हणजे काही न करणे. बरणी हलवायची नाही, बोट लावायचे नाही, पाय अडकलासा वाटला तरी ओढायचा नाही. नातवाला हे पटवताना माझे प्राण कंठाशी आले. रात्री कधीतरी किडा बाहेर आला. सकाळी कापडाला पांढुरकी, पोकळ, पायांच्या नखांपर्यंत अखंड कात लटकत होती आणि शेजारी तो स्वतः, फिका हिरवा, हललासुद्धा नाही. पुरता टणक होईपर्यंत, म्हणजे दिवसभर तरी, त्याला खायला द्यायचे नसते. आजीला हे शेवटपर्यंत पटले नाही.

फाब्रची जाळीची झाकणे मला नव्याने कळली ती त्या रात्री. तारेची जाळी म्हणजे किड्याला कुठेही पकड. घुमट म्हणजे लटकायला उंची. एका मोठ्या नाकतोड्याची शेवटची कात त्याने अशाच जाळीला लटकलेली पाहिली आणि भिंगातून तासन् तास बघत तिचे वर्णन केले. नाकतोड्याच्या मागच्या तंगडीला करवतीसारखे दोन रांगांत काटे असतात. ही करवत कांद्याच्या पापुद्र्याइतक्या पातळ नळीतून बाहेर येते आणि नळीला ओरखडा पडत नाही. कसे? फाब्रने पाहिले की त्या क्षणी काटे काटे नसतातच. तंगडी लुसलुशीत असते, बाहेर आल्यावर कडक होते. उत्तर साधे आहे, पण ते मिळवायला किती वेळ हात बांधून बसावे लागले असेल!

सिकाडावर मात्र त्याने हात बांधून ठेवले नाहीत. सिकाडाची जमिनीतून वर आलेली पिल्ले डोके वर करून झाडाला धरतात आणि कात टाकतात. फाब्रने काहींना मागच्या पायाला दोरा बांधून उलटे टांगले. काही धडपडून उलटली, कुठेतरी पकड मिळवली आणि सुटली. ज्यांना ते जमले नाही ती कात न टाकताच मेली. प्रयोग क्रूर आहे आणि वाचताना नकोसा होतो. पण जन्माची तयारी पूर्ण झालेला जीव केवळ पायाखाली आधार नाही म्हणून आतल्या आत मरतो, हे त्यातून कळते.

सेरिन्याँच्या झाकणांखाली प्रार्थना कीटकांच्या माद्यांनी फेसाची घरटी घातली, सुमारे चार सेंटिमीटर लांब, वाळल्यावर कडक होणारी. जूनच्या मध्यावर, सकाळी दहाच्या सुमारास ऊन लागले की घरट्याच्या मधल्या पट्टीतून शेकडो पिल्ले एकदम बाहेर येत. येताना ती पिल्लांसारखी दिसतच नाहीत. पाय अंगाशी घट्ट बांधलेले, डोळे मोठे काळे, साऱ्या अंगावर एक तलम वेष्टन. अर्धे बाहेर आले की डोके फुगते, वेष्टन फाटते आणि पाय मोकळे होतात. म्हणजे जन्मतःच पहिली कात. आणि तिथेच मुंग्या टपलेल्या. वेष्टनात अडकलेले पिल्लू काहीच करू शकत नाही. मुंगी त्याला ओढून नेते. मुंग्यांतून वाचले तर पाल. जगातल्या सगळ्या किड्यांचा कर्दनकाळ होणारा हा प्राणी आयुष्याच्या पहिल्या काही मिनिटांत किती दुबळा असतो, हे पाहून फाब्र हेलावला आहे.

त्याने काही पिल्ले झाकणाखाली वाढवायचे ठरवले. गुलाबावरचा मावा आणला. त्यांनी तोंड लावले नाही. बारीक चिलटे दिली, माशीचे तुकडे टांगून ठेवले, नुकतीच अंड्यातून निघालेली नाकतोड्याची पिल्ले सोडली, तर ही त्यांनाच घाबरली. शेवटी लेट्यूसचा कोवळा गाभा, फुलांवर मधाचे थेंब, इथवर तो आला. सगळी पिल्ले उपासाने मेली. त्याने ते जसे घडले तसे लिहून ठेवले. आज किडे पाळणारे लोक अशा पिल्लांना फळमाश्या घालतात आणि ती वाढतात. ज्याने मोठ्या माद्यांसाठी खरबुजाच्या फोडी खर्च करून नाकतोडे गोळा केले, त्याच्या हाती पिल्लांचे नेमके अन्न लागले नाही.

मादी नराला खाते हे जगाला ठाऊक झाले ते बऱ्याच अंशी फाब्रमुळे. त्याच्या एका मादीने एकामागून एक सात नर फस्त केले. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले की पिंजरा आणि भूक यांचाही त्यात वाटा असतो, मोकळ्या रानात हे प्रमाण कमी असते. मात्र या एका गोष्टीपायी बाकीचा प्रार्थना कीटक झाकोळला गेला, हे मला खटकते. त्याच प्रकरणांत आणखी एक गंमत आहे. तिथले शेतकरी या किड्याचे घरटे थंडीने सुजलेल्या बोटांवर चोळत, आणि दातदुखीवर उपाय म्हणून ते जवळ बाळगत. थंडीच्या एका मोसमात फाब्रच्या घरच्यांनी सुजल्या बोटांवर रीतसर प्रयोग करून पाहिला. गुण आला नाही.

पहिली पत्नी १८८५ साली वारली. दोन वर्षांनी त्याने तेवीस वर्षांच्या मुलीशी लग्न केले. त्यावर गाव बोललेच. तिच्यापासून तीन मुले झाली आणि त्यातला पॉल पुढे बापाच्या किड्यांची छायाचित्रे काढू लागला. पुस्तके विकली जात नव्हती. १९१० साली मित्रांनी त्याचा सत्कार घडवून आणला तेव्हा तो शहाऐंशी वर्षांचा होता. मग एकाएकी वर्तमानपत्रे, पुतळे, पुस्तकांच्या आवृत्त्या. १९१३ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पॉयंकारे आर्मासला त्याला भेटायला आले. दृष्टी मंदावली होती, पाय चालत नव्हते. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी, महायुद्ध चालू असताना, तो गेला.

१९२२ साली सरकारने ते घर विकत घेतले. तिथे आज संग्रहालय आहे. त्याने जलरंगांत काढलेली अळिंब्यांची शेकडो चित्रे, ज्यावर दहाही खंड लिहिले ते एक चिमुकले टेबल, आणि बाहेर तीच खडकाळ जमीन. जूनमध्ये तिथे थाइमच्या झुडपांवर घरटी उकलतात आणि मुंग्याही येतात.